पोट सुटलेली भिंत

चिनारदऱ्यात उस्ताद नुस्रतला ओळखायला चेहरा पाहावा लागत नसे. गल्लीच्या बरोब्बर मधून चालतो तो नुस्रत. बाकीचं गाव उन्हाळ्यात सावलीच्या कडेनं चालतं आणि हिवाळ्यात उन्हाच्या. हा बारा महिने मधून. मागून गाढव येवो की मोटारसायकल, हा आधी थांबायचा, डावी भिंत बघायचा, उजवी बघायचा, त्यातल्या त्यात बरी कोणती ते ठरवायचा आणि मग अर्धं पाऊल बाजूला व्हायचा. तोवर गाढववाल्यानं त्याच्या बापजाद्यांचा उद्धार केलेला असायचा.

आणि गंमत अशी की हा माणूस धंद्यानं गवंडी होता, तोही बागांच्या भिंतींचा. आमच्या गावात बागांवाचून दुसरं आहे काय? डाळिंब, अक्रोड, गुलाब, आणि प्रत्येक बागेभोवती पुरुषभराहून उंच भिंत. भिंत नसलेल्या जमिनीला इथे कुणी बाग म्हणत नाही. त्या भिंती फुगतात, कलतात, विटा ओकतात, आणि मग नुस्रतला बोलावणं जातं. तो यायचा, पण एकदम जवळ जायचा नाही. आधी लांब उभा राहून, एक डोळा मिटून भिंतीच्या कडेनं नजर टाकायचा. मग चावऱ्या कुत्र्याकडे जावं तसा तिरक्या चालीनं सरकायचा. थापीच्या लाकडी मुठीनं एकेक वीट वाजवायचा आणि कान लावायचा. घट्ट वीट टणटण बोलते, सुटलेली भद्द करते. मग खिळ्यानं सांधा उकरायचा. आतली माती ढेकळासारखी निघाली तर ठीक, पिठासारखी गळत राहिली तर वाईट. पांढरा लोणा, म्हणजे भिंतीला फुटलेलं मीठ, दिसला तर बोटानं जिभेला लावून बघायचा. हे सगळं चाललेलं असताना त्याचा एक पाय मागे असायचा, पळायच्या बेतात.

लोक हसायचे, कारण नुस्रतचा निकाल ठरलेला. "पडणार." मागे एकदा ऐन थंडीत हमामाची भिंत पडणार म्हणून त्यानं असा कल्लोळ केला की बायका ओल्या केसांनी, अंगाला चादरी गुंडाळून गल्लीत धावल्या. ती भिंत अजून उभी आहे. तेव्हापासून गाव त्याला पाठीमागे आणि तोंडावरही 'उस्ताद पडणार' म्हणायला लागलं. नुस्रत रागवायचा नाही. तो फक्त हमामावरून जाताना अजूनही पलीकडच्या बाजूनं जायचा.

ही भीती त्यानं जन्मताना बरोबर आणलेली नव्हती. बाप उस्ताद हैदर, त्याच्या हाताखाली दोन्ही मुलगे, थोरला सफर आणि धाकटा नुस्रत. एका अक्रोडाच्या बागेची भिंत दुरुस्त करताना बापानं नुस्रतला रोटी आणायला पिटाळलं. तो हातावर गरम संगक रोटी टाकून परत आला तेव्हा भिंतीच्या जागी ढिगारा होता आणि ढिगाऱ्याशेजारी सफर बसला होता. उकरून उकरून त्याची नखं निघाली होती. बापावर कुणीतरी सतरंजी टाकली होती. ती उचलून नुस्रतला कुणी बघू दिलं नाही, आणि म्हणून तो पुढे जन्मभर, झोपेत नि जागेपणी, सतरंजीखाली काय असेल तेच बघत राहिला.

घर चालायला हवं होतं, आई होती, म्हणून थापी नुस्रतनं उचलली. सफरनं त्याच आठवड्यात काशान शहर गाठलं. आधी क्लीनर झाला, मग ड्रायव्हर, आणि डोंगराच्या वळणांवरून त्यानं मिनीबस अशी हाकली की त्याच्या गोष्टी झाल्या. बर्फात चाकांना साखळ्या न लावता घाट उतरला, ब्रेक गेलेली गाडी नाल्यात घालून सगळ्यांना जिवंत काढलं. एकाच बापाचे दोघे, पण एक वाघ आणि एक ससा, असं गाव म्हणायचं, आणि ससा समोर असला तरी आवाज खाली करायचं नाही.

आता सफर म्हातारा झाला होता. बायको गेलेली, मुली काशानला. इंजिन काढून घेतलेली ती मिनीबस त्यानं अंगणात उभी करून ठेवली होती आणि झोपायचाही तिच्यातच, कडाक्याच्या थंडीत चार रजया नि रॉकेलची शेगडी घेऊन. म्हाताऱ्याचा गाडीवर फार जीव, असं लोक कौतुकानं सांगत. सकाळ झाली की तो मेंढीचं कातडं आणि चहाची किटली घेऊन निघायचा तो थेट अख्तर खानमच्या डाळिंबाच्या बागेच्या भिंतीशी. हिवाळ्यात गावात सगळ्यात आधी ऊन येतं ते त्या भिंतीवर. तिथे तो भिंतीला पाठ लावून बसायचा. शेजारी मश्दी रजब, आणखी दोनचार म्हातारे. गप्पा, चहा, शिव्या. दुपारच्या बांगेपर्यंत उठायचं नाव नाही.

त्या वर्षी मोठा बर्फ पडला आणि मग लख्ख ऊन आलं. नुस्रत गल्लीच्या मधून चालला होता. म्हाताऱ्यांना सलाम करायला त्यानं मान वळवली आणि तशीच ठेवली. अख्तर खानमच्या भिंतीला पोट सुटलं होतं.

फार नाही. ज्याला बघायचं नाही त्याला दिसणारही नाही एवढंच. पण नुस्रत जागीच थांबला. भिंतीच्या आत मातीचा गाभा आणि गल्लीच्या बाजूनं भाजक्या विटांचं तोंड, अशी ती जुनी भिंत. तोंड आणि गाभा एकमेकांना धरून राहायचे तर मधूनमधून एखादी वीट आडवी आत खोल शिरलेली लागते. तशी एकही वीट त्याला बाहेरून दिसेना. ज्यानं कुणी बांधली त्यानं कंटाळा केला होता. आणि वर भिंतीचं डोकं! आमच्याकडे हिवाळ्याआधी भिंतीच्या माथ्यावर काटेरी झुडपं ठेवून त्यावर माती-भुशाचा गिलावा थापतात. जुना थर खरवडून मग नवा द्यायचा असतो, पण खरवडतं कोण? जितकं जाड डोकं तितकी घरधन्याची ऐपत, असा इथला मान. अख्तर खानमच्या भिंतीचं डोकं तर पगड्यावर पगड्या चढवल्यासारखं झालं होतं, आणि आता त्यावरचा बर्फ वितळून थेंब थेंब आत मुरत होता.

"काय रे, काय बघतोस?" सफर म्हणाला. "आमच्यापैकी कोण पडणार?"

म्हातारे हसले. नुस्रत तिरका तिरका जवळ आला, सफरच्या डोक्यापासून हातभर अंतरावर त्यानं थापीची मूठ हळूच टेकवून वाजवली. भद्द. त्याच्या शेजारची. भद्द. खालची टण, तिच्या खालची पुन्हा भद्द.

"दादा, ऊठ इथून."

"का?"

"भिंत गाभा सोडून पुढे आलीये."

"म्हणजे पडणार?" मश्दी रजबनं विचारलं आणि स्वतःच खो खो हसला. "उस्ताद, हमामाची पडली की आम्हाला हाक मारा, मग उठतो."

नुस्रतनं पिशवीतून चिरोडीची पांढरी पूड काढली, चहाच्या पाण्यात कालवली आणि पोटाच्या वरच्या अंगाला जी केसाएवढी भेग होती तिच्यावर आडवा ठिपका थापला. याला आमचे गवंडी साक्षीदार म्हणतात. भेग थांबलेली असेल तर ठिपका जसाच्या तसा राहतो. भेग चालत असेल तर तो फुटतो. साक्षीदार खोटं बोलत नाही आणि कुणाची भीड धरत नाही.

दुसऱ्या दिवशी ऊन यायच्या आत नुस्रत तिथे होता. साक्षीदार मधोमध फुटला होता. फटीत त्याचं नख सहज गेलं.

तो तसाच अख्तर खानमच्या दारावर धावला. बाई तोंड धूत होती. ती टॉवेल खांद्यावर टाकून बाहेर आली, साक्षीदार बघितला, मग वर माथ्याकडे बघितलं.

"तो वरचा थर आमच्या हाजींच्या हातचा आहे हो," ती म्हणाली. "म्हणजे सगळ्यात वरचा नाही, त्याखालचा. वारण्याआधीच्या शरदात त्यांनी स्वतः थापला होता."

"खानम, तो थर खाली येतोय. मी नाही काढला तर स्वतःहून येईल."

"आणि मी म्हटलं नाही काढायचा, तर?"

"तर मी रडेन," नुस्रत म्हणाला, आणि त्याचा चेहरा असा झाला होता की बाईला ते खरं वाटलं.

"काढा," ती म्हणाली. "पण हाजींचा थर एका बाजूला ठेवा. उकिरड्यावर टाकायचा नाही."

परवानगी मिळाली. राहिले म्हातारे. फुटलेला साक्षीदार बघून मश्दी रजबचा हसरा चेहरा जरा उतरला. तो नि बाकीचे कुरकुरत उठले आणि पलीकडे मशिदीच्या पायरीवर जाऊन बसले. सफर उठला नाही.

"दादा, साक्षीदार फुटला."

"तुझाच ना तो? तुझ्यावरच गेलाय. थंडीनं फुटला असेल."

"बाबांच्या कबरीची शपथ आहे तुला, ऊठ."

सफरचा चेहरा एकदम कडक झाला. "त्यांना मधे आणू नकोस. तुझं काम तू कर, मला ऊन खाऊ दे."

नुस्रतनं चिनाराचे वासे आणले आणि भिंतीला टेकू दिले, सफरच्या डाव्या नि उजव्या बाजूला, कारण मधे सफर होता. हातोडा मारताना प्रत्येक ठोक्याला तो डोळे मिटत होता. काम होईस्तोवर सफरनं एका टेकूवर टोपी लटकवली आणि दुसऱ्यावर किटली.

"झकास खुंट्या केल्यास," तो म्हणाला. "आता एक आरसा लाव."

लांबून, पायरीवरून हसू आलं. नुस्रतला हसू आलं नाही आणि रागही आला नाही. त्याचं सगळं लक्ष टेकूंच्या मधल्या त्या वावभर जागेत होतं, जिथे पोट सगळ्यात पुढे आलं होतं आणि जिथे त्याचा भाऊ बसला होता. तिथलं ओझं कुणीच पेलत नव्हतं. दुपारी बांग झाल्यावर रजबनं हात दिला तेव्हा सफर उठला, सांधे धरलेत म्हणून कण्हला आणि घरी गेला. नुस्रतनं घाईघाईनं माथ्याच्या कडेनं बाहेर आलेली काटेरी झुडपं उपसली, तोवर दिवस कलला. वरचा गिलावा मात्र गोठून दगड झाला होता. तो फोडायला ठोकावं लागणार आणि ठोकलं तर संध्याकाळच्या अर्धवट उजेडात काय होईल याचा नेम नाही. त्यानं शिडी काढून घेतली. उद्या ऊन चढून थर मऊ झाला की एका दिवसात उतरवता येईल, पण उद्या ऊन चढलं की सफर तिथे असणार.

घरी बायकोनं, तुबानं, मटणाचं आबगूश्त पुढे ठेवलं. नुस्रतनं मटण नि वाटाणे कुटून घेतले आणि कुटतच राहिला.

"अहो उस्ताद, पीठ होईल त्याचं. जेवा की."

"घशाखाली उतरत नाही. तुबा, तो उठतच नाही गं. उद्या सगळा बर्फ वितळेल. उद्या ती राहणार नाही."

"हे तुम्ही दर भिंतीला म्हणता."

"हो," नुस्रत म्हणाला. "आणि दर वेळी मला तेवढंच खरं वाटतं. पण या वेळी माझे हात बघ." त्यानं हात पुढे केले. ते इतके कापत होते की तुबानं ते आपल्या हातात घेतले.

ती म्हणाली, "तुम्ही कुठून सांगता त्यांना?"

"कुठून म्हणजे?"

"म्हणजे उभे कुठे असता? गल्लीच्या मधे उभं राहून ओरडत असाल. वाघाला सशानं लांबून हाका मारायच्या आणि त्यानं गुपचूप उठायचं, एवढी कुणाची अब्रू स्वस्त असते का? जवळ जा. शेजारी बसा. काय बोलायचं ते कानात बोला."

"त्या भिंतीखाली?"

"मी काय करू? भाऊ तुमचा आहे." असं म्हणाली खरी, पण तिचे हात त्याच्या हातांवरच होते, आणि आता तेही थंड पडले होते.

सकाळी गल्लीत सगळीकडे पाणी वाजत होतं. पन्हाळींतून, झाडांवरून, भिंतींच्या माथ्यांवरून. नुस्रत कोपऱ्यावरून वळला आणि त्याला सफर दिसला, त्याच जागी, कातड्यावर, दोन टेकूंच्या मधे. मश्दी रजब पायरीवरून ओरडला, "आला रे आला, उस्ताद पडणार आला!"

नुस्रत गल्लीच्या मधे थांबला. पोट कालच्यापेक्षा पुढे आलं होतं. ओळंबा सोडायची गरज नव्हती, नुसत्या डोळ्याला कळत होतं. त्याला वाटलं, इथूनच परत फिरावं, घरी जाऊन रजई डोक्यावर ओढावी, आणि जे व्हायचं ते झाल्यावर कुणीतरी सांगायला येईल. हा विचार त्याच्या मनात आला हे खरं आहे आणि तो चांगला बराच वेळ राहिला.

"तिथून काय बघतोस?" सफर म्हणाला. "बोलायचं असेल तर इथं ये. नाहीतर वाट सोड, ऊन अडवतोयस."

नुस्रत गेला. जीव मुठीत धरून म्हणतात तसा गेला. टेकूखालून वाकून आत शिरला आणि भावाच्या शेजारी, कातड्याच्या कडेवर बसला. पायरीवरचं हसू थांबलं. चिनारदऱ्यातल्या कुणीही उस्ताद नुस्रतला आजवर भिंतीखाली बसलेला पाहिला नव्हता.

त्याला मागून एक आवाज ऐकू येत होता. बारीक, सरसर. सांध्यातली कोरडी माती आतल्या आत गळत होती. भिंत आतून रिकामी होत चालल्याचा तो आवाज त्याला ठाऊक होता. एक कण त्याच्या मानेवर पडला आणि सदऱ्यात उतरला. त्यानं दात घट्ट मिटले. ओरडायचं नाही, हिसका द्यायचा नाही, टेकूला धक्का लावायचा नाही.

सवयीनं त्यानं मान वळवून कडेनं नजर टाकली. भिंत, पोट, सांधे, भावाची पाठ. आणि त्याला फट दिसली.

सफरची पाठ भिंतीला टेकलेली नव्हती. घोंगडीमुळे समोरून कधी कळलं नसतं, पण बाजूनं स्पष्ट दिसत होतं. मधे बोटभर उजेड होता. पाठीचा कणा ताठ, दोन्ही टाचा ओल्या मातीत रुतवलेल्या, मांड्या थरथरताहेत. हातातल्या पेल्यात चहा हिंदकळत होता. उठून पळायच्या तयारीत बसलेल्या माणसाची ती बैठक होती आणि नुस्रतला ती चांगली ओळखीची होती, कारण आयुष्यभर तो स्वतः तसाच बसत आला होता.

"दादा," तो कुजबुजला, "तू टेकलेला नाहीस."

"चहा पी."

"तू कधी टेकतच नाहीस ना?"

सफरनं साखरेचा खडा दातात धरला, चहा प्यायला नाही. "हळू बोल. रजबचे कान तिखट आहेत."

"मग टेकून बसल्यासारखं का—"

"भिंतीकडे बघवत नाही मला," सफर म्हणाला. ओठ न हलवता बोलत होता तो, समोर पायरीकडे बघत. "समोर असली की बघवत नाही. त्या दिवशी मी समोरच उभा होतो, नुस्रत. ती पुढे आली ती मी बघितली. धाडकन नाही आली रे. सावकाश आली. बाबांना हाक मारण्याइतका वेळ होता. माझ्या तोंडातून आवाजच फुटला नाही. म्हणून पाठ करून बसतो."

नुस्रतच्या मानेवर आणखी दोन कण पडले. "मग इथं बसतोसच कशाला?"

"घरी चार भिंती असतात. इथं एकच आहे."

नुस्रतला एकदम ती मिनीबस आठवली, चार रजया आठवल्या, आणि सगळं गाव ज्याला गाडीवरचा जीव म्हणत होतं ते काय होतं ते त्याला कळलं. त्याचे डोळे भरून आले. पण मागे माती सरसरत होती आणि रडायला ती जागा नव्हती.

"ऊठ, दादा."

"पाय उठत नाहीत."

"काय?"

"तू साक्षीदार फुटला म्हणालास ना काल, तेव्हापासून. काल रजबनं ओढलं म्हणून उठलो. आज आलो सवयीनं, बसलो, आणि आता उठवत नाहीये. शिव्या देतोय तेवढ्या देतोय." वाघाच्या कपाळावर भर थंडीत घामाचे थेंब होते. "तू जा. दोघं कशाला?"

नुस्रतला जायचं होतं. त्याच्या अंगातलं हाडन् हाड त्याला जा म्हणत होतं. त्यानं भावाच्या काखेत हात घातला. "माझ्याकडे बघ," तो म्हणाला. "मी सांगतो तसं कर. आधी टाच सोड. डावी. जोरात नाही. हं. आता उजवी. वजन माझ्यावर टाक. टेकूला हात लावायचा नाही. मीपण घाबरलोय, फार घाबरलोय, तरी हळूच उठायचं. मागे बघायचं नाही."

"मी कधी बघतो?" सफर म्हणाला.

ते उठले. लग्नात नवऱ्या मुलाला वडीलधारे हाताला धरून नेतात तसे एकमेकांना धरून, टेकूखालून वाकून, एक एक पाऊल टाकत दोघं म्हातारे गल्लीच्या मधोमध आले. कातडं तिथेच राहिलं, टोपीही राहिली. मश्दी रजबनं काहीतरी टोमणा मारायला तोंड उघडलं होतं, पण सफरचा चेहरा जवळून बघितला आणि त्यानं तोंड मिटून आपल्या अंगावरची शाल काढून त्याला दिली.

ऊन चढलं, माथ्यावरचा थर मऊ झाला. नुस्रत बागेच्या बाजूनं शिडी लावून वर चढला आणि पहिला गिलावा उकरून आत ओढला. दुसऱ्या घावालाच समोरचं तोंड सुटलं. टेकूंच्या मधल्या जागेतून विटा खाली गेल्या, एक थर, मग त्याच्यावरचा, मग सगळ्या एकदम. आवाज फार मोठा नव्हता. धूळ बसल्यावर बघितलं तर कातडं दिसत नव्हतं आणि किटली चपटी झाली होती. नुस्रत शिडीवरच खाली बसला. त्याला उतरवायला रजबला चढावं लागलं.

उरलेली भिंत त्यानं हातानं उतरवली. हाजींचा थर अख्तर खानमनं स्वतः पाटीत भरून डाळिंबाच्या बुंध्याशी नेऊन ठेवला. नवीन भिंत बांधायला गोठवणारी थंडी संपेपर्यंत थांबणं भाग होतं. गावात त्या दिवसापासून कुणी नुस्रतला 'उस्ताद पडणार' म्हटलं नाही असं सांगायला मला आवडलं असतं. दुसऱ्याच दिवशी म्हणाले. फक्त आता तो आला की म्हातारे आधी उठायचे आणि मग म्हणायचे.

सफर मात्र पायरीवर गेला नाही. तो दोन दिवस अंगणात मिनीबसच्या पायऱ्यांवर बसून राहिला. तिसऱ्या सकाळी नुस्रतच आला, थापी घेऊन.

"भिंती बघतो तुझ्या," तो म्हणाला. "घरातल्या."

पूर्वी असं कुणी म्हटलं असतं तर सफरनं गल्लीपर्यंत हाकललं असतं. आता त्यानं किल्ली काढून दिली. तो उंबऱ्यात उभा राहिला, पाठ आत, तोंड अंगणाकडे, आणि नुस्रत एकटा आत गेला. खोलीला कुबट वास येत होता. वहिनी गेल्यापासून तिथे कुणी झोपलं नव्हतं. तो नेहमीसारखाच वागला, लांबून नजर, तिरकी चाल, मूठ, कान. पहिली भिंत टण. दुसरी टण. तिसरीला त्यानं दोनदा वाजवली, तीही टण.

"काय म्हणतात?" उंबऱ्यातून सफरनं विचारलं.

"चांगल्या आहेत. थांब."

चौथी भिंत गुडघ्याएवढ्या उंचीवर भद्द बोलली.

नुस्रतचा हात हवेत राहिला. त्यानं शेजारी वाजवलं, खाली वाजवलं, नखानं टोकरलं. गिलाव्याचा पापुद्रा सुटला होता, मागची भिंत घट्ट होती. निदान त्याला तसं वाटलं. हमामाच्या वेळी याच्यापेक्षा कमी आवाजावर त्यानं बायकांना बाहेर काढलं होतं. जिभेवर नेहमीचा शब्द आलाच.

"नुस्रत? काय झालं?"

"गिलावा सुटलाय थोडा."

"आणि भिंत?"

त्यानं पुन्हा एकदा वाजवलं. "भिंत धड आहे."

"नक्की?"

उस्ताद नुस्रतनं जन्मात कुठल्याही भिंतीला 'नक्की' म्हटलं नव्हतं. बापानं बांधलेल्या नाही, स्वतः बांधलेल्याही नाही.

"नक्की," तो म्हणाला. "ये आत."

सफर आला. भिंतींकडे न बघता खोलीच्या बरोब्बर मधे उभा राहिला, आणि नुस्रतला हसू फुटलं, कारण तो स्वतः गल्लीत असाच उभा राहतो. तुबानं डबा पाठवला होता, दोघं जेवले. जेवल्यावर सफरनं मिनीबसमधून आपली गादी नि रजया आणल्या आणि खोलीच्या मधे पसरल्या. पडला, पण डोळे उघडे ठेवून.

नुस्रतनं दुसरी गादी घेतली आणि चौथ्या भिंतीला लागून, भाऊ आणि भिंत यांच्या मधे टाकली.

"तिकडे कशाला?" सफर म्हणाला. "इकडे शेगडी आहे."

"मला इथंच बरं वाटतं."

तो भिंतीकडे तोंड करून आडवा झाला आणि सुटलेल्या गिलाव्यावर तळहात ठेवला. गार होता. तो कान देऊन माती सरसरतेय का ते ऐकत होता. बऱ्याच वेळानं मागे सफर घोरायला लागला. नुस्रतनं हात काढला नाही.